टेबलाच्या अलीकडे आणि पलीकडे

रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहावयास येणारी मंडळी त्याच्या उतरत्या छपरांची आणि सज्जातून दिसणाऱ्या भाट्याच्या खाडीची वाखाणणी करून परत जातात. परंतु ज्या ब्रह्मी राजाच्या नजरकैदेसाठी ही वास्तू १९१० साली उभी राहिली, त्याच्या घराण्याचे आणि इंग्रज सरकारचे संबंध बिघडण्यास जी अनेक कारणे झाली, त्यांत पायांतील जोडे हेही एक कारण होते, ही गोष्ट त्या दालनांतून हिंडताना फार थोड्यांच्या ध्यानी येते. मंडालेच्या दरबारात राजासमोर जाणाऱ्याने जोडे बाहेर काढावे, जमिनीवर बसावे आणि पायांचे तळवे राजाकडे होऊ देऊ नयेत असा शिरस्ता होता, आणि १८७५ सालापर्यंत इंग्रजांच्या वकिलांनीही तो नाइलाजाने का होईना पाळला. त्या वर्षी सर डग्लस फॉर्सिथ यांची वकिलात मंडालेस जाऊन आली, आणि त्यानंतर हिंदुस्थान सरकारने हुकूम काढला की यापुढे आपला रेसिडेंट जोडे काढणार नाही. मिंडॉन राजाने जोड्यांसह भेट देण्याचे साफ नाकारले, आणि राजा व रेसिडेंट यांची समोरासमोर गाठ पडणेच बंद झाले. १८७८ साली थिबा गादीवर आला. १८७९ साली रेसिडेन्सी उठली. आणि १८८५ साली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनवर बसविलेल्या दंडाचे निमित्त होऊन युद्ध पेटले, तेव्हा एका खोलीत बसून दोन शब्द बोलावेत असा मार्गच उरला नव्हता. युद्ध जोड्यांपायी झाले असे म्हणणे अर्थातच पोरकटपणाचे होईल, कारण सागवानाचा व्यापार आणि फ्रेंचांची धास्ती ही कारणे त्याहून कितीतरी बळकट होती. तरीही पाय उघडे की झाकलेले एवढ्याशा प्रश्नावर दोन सरकारांमधील मुलाखती थांबाव्यात, यावरून कामकाजाच्या ठिकाणी शरीराच्या वागण्याला किती वजन असते याचा अंदाज येण्यास हरकत नाही. १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीस आणलेला हा राजा १९१६ च्या डिसेंबरात येथेच वारला.

याच प्रकरणाची दुसरी बाजू अधिक बोधप्रद आहे. जे इंग्रज मंडालेत जोडे काढावयास तयार नव्हते, त्यांच्याच हिंदुस्थानातील कचेऱ्यांत एतद्देशीय माणसाने जोडे बाहेर ठेवूनच आत यावे अशी सक्ती होती. त्याआधीच, १८५४ साली, बंगाल इलाख्यात असा ठराव झाला होता की, ज्याने विलायती पद्धतीचे बूट घातले असतील त्याला ते काढावे लागू नयेत, देशी जोडेवाल्याला मात्र पूर्वीचाच नियम लागू राहावा. तो कायदा गेला, ते सरकारही गेले. पण आज कोकणातील कोणत्याही लहानमोठ्या सरकारी कार्यालयात साहेबांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर चपलांचे चारदोन जोड दिसतात, आणि ते कोणाच्या हुकमाने तेथे उतरले असे विचारल्यास शिपायालाही सांगता येणार नाही. खोलीत जाणारा कंत्राटदार बूट घालून जातो, वकील घालून जातो. चपला निघतात त्या सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी आलेल्या कुळाच्या. अधिकाराच्या खुर्चीसमोर आपण कोण आहोत याची कबुली त्या माणसाने तोंड उघडण्यापूर्वीच देऊन टाकलेली असते.

आता खोलीच्या आत काय घडते ते जरा जवळून पाहावे. वारसनोंदीच्या हरकतीची सुनावणी आहे असे समजू. साठी उलटलेला अर्जदार प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दस्तऐवजांचे पुडके छातीशी धरून दारात उभा राहतो आणि विचारतो, “साहेब, येऊ काय?” साहेब म्हणतात, “या, बसा.” हे शब्द अगदी यथास्थित आहेत, त्यांत तुच्छता नाही की घाई नाही. पण ते उच्चारताना साहेबांची नजर संगणकाच्या पडद्यावर आहे, उजवा हात माऊसवर आहे, आणि ज्या खुर्चीवर बसावयाचे तिच्यावर दुसऱ्याच कोणत्यातरी प्रकरणाच्या फायली रचलेल्या आहेत. अर्जदार बसत नाही. तो टेबलाच्या कडेला उभा राहतो, पुडके सोडताना त्याचा हात कापतो, आणि तीन महिने मनात घोळवलेली हकीकत तो दोन वाक्यांत, तीही उलटसुलट सांगतो. साहेबांना वाटते, हा माणूस काहीतरी लपवीत आहे. अर्जदाराला वाटते, निकाल आधीच ठरलेला दिसतो. दोघांचेही चुकलेले असते, आणि चुकीचे मूळ शोधावयाचे तर ते त्या संभाषणाच्या कोणत्याही शब्दात सापडणार नाही.

हीच सुनावणी दुसऱ्या रीतीने होऊ शकते, आणि होतेही. फायली आधीच उचललेल्या असतात, अधिकारी पडदा हाताने थोडा बाजूस सारतो, खुर्ची अर्जदाराच्या दिशेने वळवितो, कागद स्वतःच्या हातात घेतो आणि गट नंबरावर बोट ठेवून विचारतो, “हा तुकडा नक्की कोणता? वहाळाकडचा का?” या एका बोटाने जे काम होते ते चार आश्वासनांनी होत नाही. अर्जदार खुर्चीच्या कडेवर का होईना टेकतो, आणि मग खरी गोष्ट बाहेर येते: मुंबईतला धाकटा भाऊ सहीला तयार नाही, कारण गणपतीला आला तेव्हा पडवीच्या वाटणीवरून बोलाचाली झाली होती. खटल्याचा सगळा गाभा या वाक्यात असतो. पहिल्या सुनावणीत तो कधीच रोजनाम्यावर आला नसता.

कौटिल्याने या विषयाचे जे निरूपण केले आहे ते वाचताना मला नेहमी कौतुक वाटते, आणि त्याबरोबर थोडी खिन्नताही येते. अर्थशास्त्राच्या पाचव्या अधिकरणात राजाच्या सेवकाने दरबारात कसे बसावे, किती अंतरावर बसावे, मोठ्याने हसू नये, राजा बोलत असता भुवया चढवू नयेत, ओठ चावू नये, असे बारकावे दिलेले आहेत. आणि पुढे राजा प्रसन्न आहे की रुष्ट आहे हे कोणत्या खुणांवरून ओळखावे याची यादी आहे. रोषाच्या खुणांत समोरच्याला आसन न देणे आणि त्याच्याकडे दृष्टी न देणे या दोन गोष्टी त्याने एकत्र सांगितल्या आहेत, आणि वर वर्णिलेल्या पहिल्या सुनावणीत अभावितपणे नेमक्या याच दोन गोष्टी घडल्या होत्या. साहेब रुष्ट नव्हते. ते केवळ कामात होते. परंतु टेबलाच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला त्यांतील फरक कळावा कसा?

खिन्नता वाटते ती अशासाठी की, कौटिल्यापासून आजच्या रेल्वे स्टॉलवरील व्यक्तिमत्त्व-विकासाच्या पुस्तकांपर्यंत या विषयाचा सारा उपदेश खालच्या माणसाला केलेला आहे. मुलाखतीस जाणाऱ्या उमेदवाराने कसे बसावे, हात कोठे ठेवावेत, हस्तांदोलन किती घट्ट करावे, हे त्याला पढविले जाते. खुर्चीत बसलेल्याला मात्र कोणी काही शिकवीत नाही. कारण त्याला शिकण्याची गरज आहे असे त्याला किंवा इतर कोणाला वाटतच नाही. वस्तुतः कार्यालयातील देहबोली ज्याच्या हातून सुधारू शकते तो माणूस हाच. उमेदवाराच्या कापऱ्या हाताला उमेदवार काय करणार? पण परीक्षकाने पेन खाली ठेवले, घड्याळाकडे पाहणे टाळले आणि पहिला प्रश्न त्याच्या गावासंबंधी विचारला, तर तो कंप पाच मिनिटांत थांबतो. खुर्चीच्या पाठीवर पसरलेला पांढरा टर्किश टॉवेल, समोरच्या खुर्च्यांपेक्षा चार बोटे उंच असलेली आपली बैठक, टेबलाच्या काचेखालची देवाची तसबीर आणि तिच्याशेजारी बदल्यांची यादी, या सर्वांतून अधिकारी अखंड बोलत असतो, आणि हे बोलणे त्याला स्वतःला ऐकू येत नाही.

या विषयावर बाजारात जे ज्ञान विकले जाते त्यातील बराचसा माल खोटा आहे, हे येथेच सांगून टाकलेले बरे. संभाषणातील अर्थाचा केवळ सात टक्के भाग शब्दांत असतो आणि उरलेला आवाजात व चेहऱ्यात, हा आकडा प्रत्येक प्रशिक्षणवर्गात फळ्यावर लिहिला जातो. त्याचे मूळ आल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या दोन प्रयोगांत आहे; त्या प्रयोगांचा विषय आवडनिवड आणि भावना यांपुरता मर्यादित होता, आणि ते आकडे सर्व संभाषणाला लावू नयेत असे खुद्द मेहराबियन यांनीच बजावले आहे. शब्दांना सातच टक्के किंमत असती तर फेरफाराची नोटीस बजावण्याऐवजी तलाठ्याने खातेदारासमोर जाऊन तोंड वाकडे केले तरी चालले असते. २०१० साली अमेरिकेत असाही निष्कर्ष निघाला की, दोन मिनिटे अंग पसरून रुबाबदार पवित्र्यात राहिल्यास माणसाच्या शरीरातील संप्रेरकेसुद्धा बदलतात. तो प्रयोग अवघ्या ४२ जणांवर झाला होता, २०१५ साली २०० जणांवर तो पुन्हा केला तेव्हा संप्रेरकांत काही फरक आढळला नाही, आणि मूळ शोधनिबंधाच्या प्रथम लेखिकेनेच २०१६ साली आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले. डोळ्यांवरून खोटेपणा ओळखण्याचा दावाही याच मालिकेतला. २००६ साली दोनशेंहून अधिक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, त्यात माणसाचे खोटे ओळखण्याचे यश शंभरांत सुमारे ५४ इतकेच भरले. नाणे उडवून जे साधते त्याहून हे फारसे वेगळे नाही. पोलीस ठाण्यात आणि मुलाखतीच्या खोलीत ज्यांना आपल्या नजरेच्या पारखीचा अभिमान आहे त्यांनी हा आकडा लिहून भिंतीवर लावावा.

या गोंधळाचे मूळ असे की, ठरलेला संकेत आणि नकळत उमटलेली खूण या दोन भिन्न गोष्टींची आपण गल्लत करतो. भरतमुनींनी एका हाताच्या २४ आणि जोडहातांच्या १३ मुद्रा सांगितल्या, ३६ प्रकारच्या दृष्टी वर्णिल्या; परंतु त्या नटासाठी, आणि ज्यांना त्यांचे अर्थ अवगत आहेत अशा प्रेक्षकांसमोर. कामधंद्यातही अशा पक्क्या संकेतांची राज्ये आहेत. कोकण रेल्वेच्या एखाद्या लहान स्थानकातून न थांबणारी गाडी धडधडत जाते तेव्हा फलाटावर हिरवा बावटा धरून उभा असलेला स्टेशन मास्तर केवळ उपचार म्हणून उभा नसतो. गाडीखाली काही लोंबत नाही ना, कोठून धूर निघत नाही ना, हे पाहून तो ड्रायव्हर आणि गार्ड यांच्याशी सर्व ठीक असल्याची खूण देतोघेतो, आणि त्या खुणेला एकच अर्थ असतो. तेथे कोणाला कोणाचे मन ओळखावयाचे नसते.

याहून मनोरंजक नमुना रत्नागिरीच्या हापूस आंब्याच्या नशिबी आलेला आहे. पेटी बागेतून निघून वाशीच्या फळबाजारात पोहोचली की, तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या हत्ता पद्धतीत दलाल आणि खरेदीदार एका रुमालाखाली हात घालतात, बोटे दाबतात, सोडतात, पुन्हा पकडतात. तोंडाने ब्र नाही, चेहऱ्यावर रेषा हलत नाही, आणि रुमाल दूर झाला की सौदा झालेला असतो. ही विद्या फार जुनी आहे. सतराव्या शतकात हिऱ्यांच्या व्यापारासाठी दक्षिणेत हिंडलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने तिची परिभाषा टिपून ठेविली आहे: सबंध पंजा धरला तर हजार, पाच बोटे धरली तर पाचशे, एक बोट म्हणजे शंभर, बोटाच्या मधल्या पेरापर्यंत पन्नास आणि टोकाचे पेर म्हणजे दहा. चारचौघांच्या गर्दीत बसून, एक अक्षर न बोलता, लाखाचा व्यवहार शेजाऱ्याला पत्ता न लागू देता पुरा करणारी ही भाषा कौशल्याच्या दृष्टीने अप्रतिमच म्हटली पाहिजे. परंतु तिचे सारे चातुर्य दोघांच्या सोयीचे आहे. ज्याने कलम वाढविले, मोहोर राखला, थ्रिप्सशी झुंज दिली, तो बागायतदार रुमालाच्या बाहेर आहे आणि त्याच्या हाती शेवटी येते ती विक्रीच्या हिशेबाची पट्टी. त्यावरील भाव कसा ठरला हे विचारण्याची सोय नाही, कारण तो कोणी उच्चारलेलाच नसतो. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने उघड लिलावाचा आग्रह धरला त्याचे कारण हेच होते, आणि रुमाल काढून टाकावा ही बागायतदारांची मागणीही तेवढ्यासाठीच आहे.

रुमालाशिवायचा बाजार कसा असतो हे पाहावयाचे तर दापोली तालुक्यातील हर्णैच्या बंदरावर जावे. होड्यांतून मासळी किनाऱ्यास लागते, वाळूवर ढीग पडतात, भोवती कडे जमते, आणि बोली सगळ्यांच्या कानांवर पडते. एखादी कोळीण मान एवढीशी कलवते, दुसरी पदर सावरीत अर्धे पाऊल मागे सरकते, आणि लिलाव पुकारणाऱ्याला दोन्हींचा अर्थ उमगतो; पण तो त्याच क्षणी मोठ्याने आकडा उच्चारून त्या खुणेला शब्दांत आणतो, त्यामुळे गैरसमजास जागा राहत नाही. कार्यालयीन बैठकीतही माझ्या मते हीच रीत ठेवावी. कोणी मान हलविली म्हणजे तो होकार आहे असे धरून इतिवृत्त लिहू नये. आमच्या भागात मान आडवी, उभी आणि त्या दोहोंच्या मध्येही हलते, आणि “बघूया” या शब्दाबरोबर हलली तर तिचा अर्थ बहुधा नकार असतो. म्हणून विचारावे: “म्हणजे तुम्ही शुक्रवारपर्यंत देणार, असे लिहू ना?”

खुणा वाचताना प्रांत, ऋतू आणि प्रसंग यांचे भान सुटले की कसे हसे होते याचे उदाहरण पावसाळ्यात घरोघर मिळेल. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैच्या सकाळी एसटीतून उतरून भिजलेल्या सदऱ्याने पंख्याखाली येऊन बसलेला कर्मचारी हातांची घडी घालतो ती अंगात हुडहुडी भरलेली असते म्हणून. मुंबईहून आलेला प्रशिक्षक मात्र पुस्तकात वाचल्याप्रमाणे तो विरोधाचा पवित्रा समजतो. तसेच वरिष्ठांच्या डोळ्याला डोळा न भिडविणे हे पाश्चात्त्य ग्रंथांत आत्मविश्वासाच्या अभावाचे लक्षण ठरते, तर आमच्या घरांत वाढलेल्या मुलामुलींना ते अदबीचे वाटते. आणि कोकणी माणूस चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलविता जे तिरकस बोलतो, त्याची नोंद कोणत्याच शास्त्रकाराने घेतलेली दिसत नाही.

अंतराची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली अमेरिकन समाजाच्या निरीक्षणावरून दीड फुटापर्यंतचे अंतर जिव्हाळ्याचे, चार फुटांपर्यंतचे व्यक्तिगत आणि चार ते बारा फुटांचे व्यवहाराचे, अशी वाटणी केली; ती गणपतीच्या गर्दीतल्या गाडीला लागू पडणार नाही, पण दोन टेबलांमधील जागेला पुष्कळशी लागू पडते. संगणकावर काय चालले आहे ते पाहण्याच्या मिषाने सहकारी स्त्रीच्या खुर्चीवर वाकणारा, शाबासकी म्हणून खांद्यावर हात ठेवणारा वरिष्ठ “मी तर काही बोललोच नाही” असे म्हणत असला तरी, २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या व्याख्येत अशाब्दिक वर्तनाचाही स्पष्ट समावेश केलेला आहे, आणि ते वर्तन नकोसे होते की नाही याचा विचार करताना ज्याने ते केले त्याच्या हेतूवर सारी भिस्त ठेविलेली नाही. येथेही न्याय तोच: ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने आपले शरीर आवरावे, मागे घ्यावे, आणि खुर्ची शेजारी ओढण्यापूर्वी विचारावे.

अलीकडे या सर्व व्यवहारात एक नवे टेबल आले आहे. मंडणगडपासून राजापुरापर्यंतच्या माणसांना अर्ध्या दिवसाची एसटी करावी लागू नये म्हणून काही बैठका पडद्यावरून होतात, आणि त्यात एक चमत्कारिक अडचण आहे: समोरच्याचा चेहरा पाहावा तर कॅमेऱ्याकडे पाहणे राहते, आणि कॅमेऱ्याकडे पाहावे तर चेहरा दिसत नाही, म्हणजे दृष्टी देणे आणि दृष्टी मिळणे एका वेळी साधतच नाही. त्यावर तोड एवढीच की, पडद्यावरील समोरच्याची चौकट सरकवून कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणावी, उपकरण पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या उंचीला ठेवावे, आणि टिपणे घ्यावयाची असल्यास “मी लिहून घेतो आहे” असे आधी सांगावे, कारण खाली झुकलेले डोके वहीत आहे की मोबाइलमध्ये, हे पलीकडच्याला कळण्यास मार्ग नसतो. बोलणाऱ्याचे वाक्य संपल्यावर दोन क्षण थांबावे हेही तितकेच आवश्यक, कारण घाटाखालच्या आमच्या गावांत आवाज चेहऱ्याच्या मागून येतो, आणि पावसाळ्यात तर चेहराही कधी कधी येत नाही. तेव्हा सुनावणी फोनवर घ्यावी, नाहीतर पुढची तारीख द्यावी, आणि अर्जदाराला ती तारीख स्वतःच्या तोंडाने सांगावी.